पुठ्ठ्याची मूठ, उजेडाचे पाते

वार्षिक परीक्षा संपली की घरातल्या झाडूंचे आयुष्य कमी होते. कुणी खराट्याच्या काड्या उपसतो, कुणी पडद्याची सळई काढून घेतो, कुणी एक फुटी पट्टी कमरेला खोचून 'एर्तुग्रुल गाझी' होतो. 2014 ते 2019 या काळात तुर्कस्तानात चाललेली ती मालिका 2020 च्या रमजानमध्ये उर्दूत आली आणि मोबाइलवरून आपल्याकडच्या अनेक घरांत शिरली. तिच्याआधी 'बाहुबली' होता, त्याच्याआधी आणखी कुणी. नायक बदलतो, हातातली काठी तीच राहते. अलीकडे एक फरक मात्र पडला आहे. तिघांपैकी दोघे लढतात आणि तिसरा मोबाइल आडवा धरून उभा असतो. लढाई संपली की तिघेही त्या काचेवर डोकी टेकवून बघतात आणि हिरमुसतात, कारण पडद्यावर दिसते ती लढाई नसते, दोन मुलांची झटापट असते.

पालकांच्या तक्रारी दोन. एखाद्याचा डोळा जाईल ही पहिली, आणि पोरे मोबाइल सोडत नाहीत ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. तरीही आमचे मत असे की हा खेळ बंद करू नये, तो नीट करू द्यावा. पाते मऊ असावे, लढाई आधी बसवलेली असावी आणि तयार झालेला व्हिडिओ घराच्या उंबऱ्याच्या आत राहावा. या तीन गोष्टींपैकी तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि आपल्या घरांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याकडे आम्ही शेवटी येणारच आहोत.

असला खेळ आपल्या घरात शोभतो का, असेही काही दादी-नानी विचारतात. फतवा देणे हे आमचे काम नाही. पण दोन हदिसी बहुतेक घरांत ऐकलेल्या असतात. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत ढाली आणि भाले घेऊन खेळ करत होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना तो खेळ मनसोक्त पाहू दिला, ही एक. आणि आपल्या भावाकडे लोखंडी शस्त्र रोखणाऱ्यावर, तो सख्खा भाऊ असला तरी, फरिश्ते लानत करतात, ही दुसरी. मुलांना दोन्ही एकत्र सांगाव्यात. दुसरी हदीस ऐकल्यावर सातवीतला मुलगा हमखास विचारतो, "पण आमची तर पुठ्ठ्याची आहे!" त्यावर उत्तर द्यायची घाई करू नका. पुठ्ठ्याची का, यावर त्यालाच बोलू द्या.

आता तलवारीकडे वळू. सर्वांत सोपी तलवार वर्तमानपत्राची. आठ-दहा पाने एकावर एक ठेवून एका कोपऱ्यापासून तिरकी गुंडाळायची. तिरकी गुंडाळल्याने नळी पानापेक्षा लांब होते आणि मधोमध मोडत नाही. कडेला चिकटपट्टी लावली की झाले. एक काळजी घ्या. उर्दू दैनिकांच्या पानांवर, विशेषतः जुम्म्याच्या अंकात, आयती आणि हदिसी छापलेल्या असतात. ती पाने आधी बाजूला काढा. हे काम मुलांनाच करू द्या. त्या निमित्ताने उर्दू वाचन होते, असा आमच्यातल्या शिक्षकाचा छुपा हेतूही त्यात आहे.

कागदी तलवार दिवसभरात मऊ पडते. सुट्टीभर टिकणारी हवी असेल तर वायरिंगचा पाऊण इंची पीव्हीसी पाइप घ्या आणि त्यावर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम चढवा. फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात त्याचे तुकडे पडलेले असतात. दुकानात जाताना पाइपचा तुकडा सोबत न्या, म्हणजे फोमचे भोक कमी-जास्त होत नाही. पाइपची लांबी मुलाच्या कमरेइतकी पुरे. पाइपच्या दोन्ही टोकांवर जाड कापडाचा बोळा ठेवून टेप गुंडाळा आणि फोम पाइपच्या टोकापुढे किमान चार बोटे राहू द्या. सगळा जीव या चार बोटांत आहे. टोक भिंतीवर जोरात दाबून पाहा. आतल्या पाइपचा टणकपणा हाताला जाणवला, तर ती तलवार अजून तयार झालेली नाही. मुठीसाठी कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी उत्तम, टेलरचाचांकडे मागितली की मिळते. हाताच्या बचावाला जाड पुठ्ठ्याची चकती, म्हणजे परज, मुठीच्या वर घट्ट बसवा.

मऊ तलवार म्हणजे लहान मुलांचे लाड, असे कुणाला वाटत असेल तर महाराष्ट्रातला जुना फरी-गदगा आठवा. फरी ही चामड्याची छोटी ढाल आणि गदगा ही चामड्याचे आवरण घातलेली काठी. खरी तलवार हाती येण्याआधी हात, पाय आणि नजर यांवरच तयार होत. आजच्या ऑलिंपिकमधल्या तलवारबाजीतही पात्याला धार नसते, टोक बोथट असते आणि तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा असतो. जाणकार लोक मऊ आणि बोथट शस्त्रानेच सराव करतात.

एक गोष्ट मात्र कडकपणे नाही म्हणायची. बंद पडलेली ट्यूबलाइट! पांढरी, लांब आणि पडद्यावरच्या उजेडी तलवारीसारखी दिसते म्हणून मुले ती कचऱ्यातून उचलून आणतात. तिच्या आत पाऱ्याची वाफ असते आणि काच फुटली की बारीक सुया होऊन उडते. अशी नळी मुलांच्या हातात दिसली तर ती आधी काढून घ्या, कारण नंतर समजावून सांगा.

तलवारी झाल्या की मुले लगेच "चल, शूटिंग" म्हणतात. इथे त्यांना एक दिवस थांबवा. सिनेमातल्या लढाईत कुणीही कुणाला मारत नाही. दोघांनी मिळून ठरवलेले हात ठरलेल्या क्रमाने करायचे असतात. आठ हात पुरेत. वरून वार, वर अडवणे, डावीकडून वार, अडवणे, एक पाऊल मागे, गिरकी, खालून वार, उडी. ते वहीवर आकड्यांनी लिहून घ्यायचे. आधी इतके सावकाश करायचे की मोठ्याने आकडे मोजता यावेत, आणि आठवे आवर्तन बिनचूक झाल्यावरच वेग वाढवायचा. प्रत्येक वाराआधी समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे. त्याने मानेने होकार दिला तरच तलवार उचलायची. वार अंगावर करायचा नाही, समोरच्याच्या तलवारीवर करायचा. डोके आणि मान यांच्या आसपास पाते जाता कामा नये. मग घाव लागल्यासारखे दिसणार कसे? त्यासाठी कॅमेरा आहे. वार समोरच्याच्या छातीपासून हातभर अंतरावरून गेला तरी कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे तिरका धरला की ते अंतर दिसत नाही. दिसते ती समोरच्याची दचक. म्हणून खरा अभिनय मार खाणाऱ्याला करावा लागतो. वर्गात आम्ही पाहिले आहे की दांडगट म्हणून ओळखला जाणारा मुलगा या कामात मागे पडतो आणि कोपऱ्यात बसणारा, कुणाच्या लक्षात न येणारा मुलगा पडण्याचा अभिनय असा करतो की सगळे टाळ्या वाजवतात.

गावातल्या आखाड्यात लाठी फिरवलेले कुणी चाचा असतील तर त्यांना एक संध्याकाळ बोलवा. पवित्रा कसा घ्यायचा, पाय कुठे टाकायचा, हे त्यांनी दहा मिनिटे दाखवले तरी व्हिडिओ बदलतो. चाचांनाही बरे वाटते.

आणि मुलींना फक्त "मोबाइल धर" म्हणू नका. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इब्तिहाज मुहम्मद ही अमेरिकेची तलवारबाज हिजाब घालून उतरली आणि सांघिक सेबर प्रकारात तिने कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून हिजाब घालून खेळणारी ती पहिलीच. अंग पूर्ण झाकणारा पोशाख हा या खेळाचा नियमच आहे आणि तिच्या घरच्यांना हा खेळ आवडण्याचे तेही एक कारण होते. आपल्या देशाकडून ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा तलवारबाजी केली तीही मुलीनेच, तमिळनाडूच्या भवानी देवीने, टोकियोत 2021 साली. ही दोन नावे घरातल्या भाईजानांना पाठ करायला लावा.

आता उजेडाचे पाते. ही कल्पना 1977 च्या 'स्टार वॉर्स' या अमेरिकी सिनेमातली. त्यातल्या नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. चित्रीकरणात नटांच्या हाती साध्या बारीक दांड्या होत्या आणि त्यांवरचा झगमगाट नंतर एकेका चौकटीवर हाताने रंगवला गेला. हेच काम आज मुलांना मोबाइलवर करता येते. व्हिडिओच्या चौकटीवर बोटाने रेघ ओढू देणारे कुठलेही साधे ॲप चालते. तलवारीवर मधोमध पांढरी बारीक रेघ आणि तिच्याभोवती रंगाची रुंद, धूसर पट्टी, एवढेच करायचे. त्यासाठी फोमवर एकाच गडद रंगाची टेप असावी, म्हणजे पाते प्रत्येक चौकटीत चटकन सापडते.

पण आधी गणित करायला बसवा. मोबाइल एका सेकंदात साधारण 30 चौकटी टिपतो. दहा सेकंदांच्या लढाईच्या चौकटी 300. एका चौकटीला एक मिनिट धरले तर पाच तास! हे कळले की मुले आपोआप शहाणी होतात. दहा सेकंदांतले कुठले तीन सेकंद उजेडाचे करायचे यावर भांडण होते, मग तीन सेकंदांच्या 90 चौकटी तिघांत वाटल्या जातात, प्रत्येकी 30. मोबाइल सोडत नाहीत ही तक्रार असणाऱ्यांनी या ठिकाणी थोडे थांबून पाहावे. बोटाने वर सरकवत दीड तास घालवणे आणि 90 चौकटी रंगवत दीड तास घालवणे, दोन्ही मोबाइलच. तरी आम्ही यांना एकाच मापाने मोजणार नाही.

ॲप नको असेल तर संध्याकाळी दिवे मालवून ट्रेसिंग पेपरची दीड-दोन फुटांची नळी बॅटरीच्या तोंडावर बसवा. नळी आतून उजळते. तिने लढता येत नाही, फाटते. पण तलवार पहिल्यांदा पेटते तो क्षण टिपायला ती पुरेशी आहे.

आवाज नेहमी वेगळा घ्यावा. 'स्टार वॉर्स'चे ध्वनिकार बेन बर्ट यांनी त्या तलवारीचा घुमणारा आवाज सिनेमाच्या प्रोजेक्टरची मोटर आणि टीव्हीच्या नळीची गुणगुण यांच्यातून बनवला. मग तो स्पीकरवर वाजवत समोरून मायक्रोफोन हलवला, त्यामुळे तलवार फिरल्याचा भास झाला. तुमच्या स्वयंपाकघरात फ्रिज आहे. एका मोबाइलमध्ये त्याची गुणगुण टिपायची, ती वाजवायची आणि दुसरा मोबाइल त्याच्यासमोरून भर्रकन न्यायचा. (पलंगावर उभे राहून करा, निसटला तर गादीवर पडेल.) खणखणाटासाठी कलथा आणि पळी. बारीक छडी हवेत फिरवली की 'सप्प' येते. धुरळा उडवायचा असेल तर अंगणातली कोरडी माती पायाने उडवा, कणीक उडवू नका. एक तर ते अन्न आहे, आणि दुसरे, हवेत तरंगणारे बारीक पीठ ज्योतीजवळ भडकू शकते.

तलवार आपोआप उडून हातात येते ती करामत दोन प्रकारे होते. हातातली तलवार खाली टाकायची आणि व्हिडिओ उलटा चालवायचा. नाहीतर काळा धागा. मुंबईच्या सिनेमात बाबूभाई मिस्त्री यांनी 1937 च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये काळ्या धाग्याने वस्तू हलवून प्रेक्षकांना थक्क केले आणि लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले. मागे काळी ओढणी ताणून बांधली की धागा दिसत नाही. ओढणी अम्मीला विचारून घ्यावी. त्याहून मागे जायचे तर आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आहेत. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आदल्या वर्षी त्यांनी रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर झरझर वाढताना दाखवली होती. आपली मुले 90 चौकटी रंगवतात तो त्याच घराण्यातला धडा आहे.

गोष्ट कुठली घ्यायची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. मिश्र वस्तीत किंवा शाळेत मुलांनी ऐतिहासिक लढाई करायची ठरवली की शत्रूचे काम कुणाच्या वाट्याला येते, हे वाचकांना सांगायला नको. दहा वर्षांचा मुलगा ते काम हसत घेतो आणि घरी येऊन गप्प बसतो. इतिहास नाटकात यायलाच हवा, पण तो पुस्तक उघडून, जाणत्या माणसासमोर. सुट्टीतल्या गल्लीतल्या खेळाला अनोळखी ग्रह बरा. तिथे राजा कुणीही, गद्दार कुणीही, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. उजेडाची तलवार आम्हाला आवडते ती याही कारणाने.

आता तो व्हिडिओ. 2002 साली कॅनडातल्या क्युबेक प्रांतात एका किशोरवयीन मुलाने शाळेच्या स्टुडिओत एकट्याने गोल्फचे चेंडू उचलायची काठी फिरवत उजेडी तलवारीचा खेळ टिपला. कुणाला दाखवायला नव्हे, स्वतःपुरता. टेप शाळेतच राहिली. काही महिन्यांनी ती सोबत शिकणाऱ्या मुलांच्या हाती लागली आणि 2003 मध्ये इंटरनेटवर गेली. तेव्हा यूट्यूब जन्मालाही आले नव्हते, तरी लाखो लोकांनी ती पाहिली. कुणीतरी तिच्यात हौसेने प्रकाश आणि आवाज भरले. म्हणजे हे वर सांगितलेलेच सगळे काम, पण हसण्यासाठी केलेले. मुलाची इतकी टिंगल झाली की त्याला शाळा सोडावी लागली. आईवडील कोर्टात गेले आणि 2006 मध्ये तडजोड झाली. त्या मुलाने काहीही अपलोड केले नव्हते. फक्त टेप कपाटात ठेवायची राहिली होती.

आपल्या मुलांच्या बाबतीत टिंगलीपेक्षा मोठी काळजी आहे, ती स्पष्टच लिहितो. टोपी घातलेल्या मुलांच्या हातात तलवारी, मागे मोहल्ल्याची कमान, आणि दहा सेकंदांचा तुकडा. त्यातले हसणे कापले, वर दोन ओळींचा मजकूर चढवला, की तो कुठल्या गावात, कुठल्या सणाच्या आदल्या रात्री, कुणाच्या मोबाइलवर पोहोचेल ते सांगता येत नाही. कौटुंबिक ग्रुपमध्ये टाकलेली वस्तू कौटुंबिक राहते, हा समज आता सोडायला हवा. स्टेटसवर ठेवले तरी चोवीस तासांत ते कुणीही टिपून घेऊ शकतो.

म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो त्याच गोष्टी इथे सांगतो. पात्याला चंदेरी रंग कधीही लावू नका. निळे, केशरी, जांभळे असू द्या, म्हणजे कुठल्याही एका चौकटीत ते खेळणेच दिसेल. मशीद, दर्गा, रस्ता, दुकानांच्या पाट्या मागे नकोत. घराची गच्ची किंवा अंगण बरे. नात, तिलावत किंवा घोषणा पार्श्वसंगीत म्हणून लावू नका. आपल्या दृष्टीने ती बेअदबी आहे आणि परक्याच्या कानाला तिचा भलताच अर्थ लागू शकतो. 'बच्चों की फिल्म' किंवा असेच काही कोपऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहू द्या, कारण फक्त पहिल्या पानावरचे नाव कापले जाते. चित्रीकरण चालू असताना मोबाइल विमान मोडवर ठेवा. रेघ ओढायच्या ॲपला तुमच्या फोनमधल्या नंबरांची यादी कशाला हवी? परवानगी मागितली तर नाकारा. शेजारचे मूल व्हिडिओत असेल तर त्याच्या अम्मी-अब्बांना आधी विचारा. आणि घरात वाडवडिलांची खरी तलवार असेल, तर ती एका क्षणासाठीही कॅमेऱ्यासमोर येऊ देऊ नका. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्यांवर पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल केल्याच्या बातम्या आपल्या राज्यात पुन्हा पुन्हा येतात. पोलीस ठाण्यात गंमत म्हणून केले हे उत्तर चालत नाही.

एवढे सगळे ऐकून मुले विचारतील, मग दाखवायचे कुणाला? प्रश्न रास्त आहे. तीन दिवस खपून केलेले काम कुणी पाहिलेच नाही तर कोण करील? आमच्या माहितीतल्या एका घरात बासी ईदच्या दुपारी खाला, मामू, शेजारचे सगळे शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन बसतात, मोबाइल टीव्हीला जोडला जातो आणि मुलांचा 'पिक्चर' लागतो. चार मिनिटांचा पिक्चर दोनदा, कधी तीनदा. शेवटी नावे येतात, आणि त्यात कलथा वाजवणाऱ्या धाकटीचेही नाव असते. लांबच्या नानीला आल्यावर दाखवतात, पाठवत नाहीत. नानी त्यासाठी दोन दिवस आधी येते, असे ऐकतो.

पिक्चर झाल्यावर मूळ तुकडे पेनड्राइव्हमध्ये टाकून मोबाइलमधून पुसा, पुसलेल्या वस्तूंच्या फोल्डरमधूनही पुसा. पेनड्राइव्ह अम्मीच्या कपाटात ठेवा, तलवारी माळ्यावर. गच्चीवर उन्हात तशाच टाकू नका. काळा फोम उन्हाने कडक होतो, त्याला भेगा पडतात, आणि पुढच्या सुट्टीत हात लावला की त्याचा भुगा पडतो.